द्युती चंद: २०१४ चं प्रकरण वेगळं, २०२३ चं वेगळं

"ती द्युती चंद ना? ती तर २०१४ मध्येच डोपिंगमध्ये सापडली होती. नंतर पुन्हा सापडली." आरतीनंतर प्रसाद घेता घेता एका काकांनी ठोकून दिलं. माझी भाची रोज पहाटे मेळा मैदानावर २०० मीटरचे फेरे मारते. ती माझ्याकडे बघायला लागली. आमच्या लष्करात (ग्वाल्हेरचं लष्कर, फौजेचं नव्हे) खेळावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण ज्या गावात १९५७ पासून शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे, आताची एलएनआयपीई (लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था), तिथे तरी ही गल्लत होऊ नये.

२०१४ मध्ये द्युतीने काही घेतलं असा आरोप कुणीच केला नव्हता. ओडिशातल्या विणकराच्या घरची ही १८ वर्षांची धावपटू. ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर आली असताना तिचं नाव संघातून वगळलं, कारण तिच्या शरीरात आपोआप तयार होणारं टेस्टोस्टेरॉन नियमापेक्षा जास्त निघालं. याला हायपरअँड्रोजेनिझम म्हणतात. हे संप्रेरक प्रत्येक बाईच्या शरीरात असतंच, कुणाच्या कमी, कुणाच्या जास्त. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाच्या २०११ च्या नियमाने रेघ ओढली होती: रक्तात लिटरमागे १० नॅनोमोल. त्याच्या वर गेलात तर उपचार घेऊन पातळी खाली आणा, नाहीतर महिलांच्या शर्यतीत पळू नका. म्हणजे गंमत बघा, ज्याला लोक डोपिंग समजतात त्या प्रकरणात खेळाडूलाच औषध घ्या म्हणून सांगत होते!

तिने ते घेतलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे, म्हणजे कॅसकडे गेली. तिथे तक्रार तिची होती आणि जाब महासंघाला द्यायचा होता. जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियम दोन वर्षांसाठी थांबवला. जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे पळण्यात नेमका किती फायदा होतो, हे महासंघाला दाखवता आलं नव्हतं. पुढच्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकला १०० मीटर पळली. त्या शर्यतीत भारतीय बाई उतरली ती पी. टी. उषानंतर ३६ वर्षांनी. २०१८ चा नवा नियम ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना लावला, त्यामुळे द्युतीच्या शर्यती त्यातून सुटल्या. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्य आणलं.

आता दुसरं प्रकरण. डिसेंबर २०२२ मध्ये भुवनेश्वरला, स्पर्धा चालू नसताना, नाडाने, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेने, ५ आणि २६ तारखेला तिचे नमुने घेतले. त्यांत अँडरिन आणि ओस्टारिन सापडलं, पहिल्यात लिगँड्रोलसुद्धा. ही सगळी 'सार्म्स' जातीची रसायनं. स्टेरॉइड नव्हेत, पण स्नायूंना टेस्टोस्टेरॉनसारखाच हुकूम देतात. दुखण्यावर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घेतलं, फसवायचा हेतू नव्हता, असं तिचं म्हणणं होतं. पॅनेलला ते पटलं नाही. ३ जानेवारी २०२३ पासून चार वर्षांची बंदी. या कायद्यात तुमच्या शरीरात काही सापडलं की जबाबदारी तुमची, आणि हेतू नव्हता हे सिद्धही तुम्हीच करायचं. मला हा भाग कडक वाटतो. पण तो नसता तर प्रत्येक जण डॉक्टरकडे बोट दाखवून मोकळा झाला असता, हेही खरं.

गल्लत होते ती 'टेस्टोस्टेरॉन', 'तपासणी' आणि 'बंदी' हे शब्द दोन्हीकडे येतात म्हणून. प्रयोगशाळेच्या लेखी मात्र या गोष्टी दोन टोकांच्या. पहिल्यात रक्तातलं स्वतःचं संप्रेरक मोजलं. दुसऱ्यात लघवीत असं काहीतरी मिळालं जे कुठलंच शरीर बनवत नाही. अवघड जागा असते ती मधली: कुणी टेस्टोस्टेरॉनच बाहेरून टोचून घेतलं तर? तेव्हा कार्बनचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके-जड प्रकार, तपासतात. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतीपासून बनतं, त्यात जड कार्बन शरीरातल्यापेक्षा जरा कमी असतो. आपल्या मध्य प्रदेशातलं सोयाबीन असं कुणाचं बिंग फोडत असेल, कुणी सांगावं!

पदकांचा हिशेबही यावरून उलगडतो. २०१४ चा तो गुन्हाच नव्हता, त्यामुळे त्याची शिक्षाही नाही. दुसऱ्या प्रकरणात निकाल रद्द झाले ते ५ डिसेंबर २०२२ पासूनचे. जकार्ताची रौप्यं आणि २०२१ मध्ये पतियाळाला नोंदवलेले ११.१७ सेकंद त्याच्या आधीचे, ते शाबूत आहेत.

भाचीने हे ऐकून घेतलं आणि हळूच बॅगेतून एक डबा काढला. जिमवाल्याने 'ताकदीसाठी' दिलेला. मी त्यावर आधी 'ओस्टारिन' शोधलं, नव्हतं. मग बारीक अक्षरांत 'एमके-२८६६' शोधायला चष्मा लावला, कारण तेच रसायन या नावाने विकलं जातं.