पाय उचलण्याआधी

घरातल्या मोकळ्या भिंतीला उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड घट्ट टेकवून उभे राहा. आता डावा पाय उचलून धरा. जमत नाही. कितीही प्रयत्न केला तरी पाऊल वर जाताच खाली येतं. पायात ताकद असते, पण पाय उचलण्याआधी शरीराला जे करायचं असतं ते भिंत करू देत नाही.

दोन पायांवर उभं असताना आपला गुरुत्वमध्य, म्हणजे साधारण बेंबीच्या थोडा खाली, ओटीपोटाच्या आत असलेला बिंदू, दोन्ही पावलांच्या मध्ये येतो. एक पाय उचलायचा तर हा बिंदू आधी दुसऱ्या पावलावर न्यावा लागतो. त्यासाठी शरीर उलटंच वाटावं असं काही करतं. जो पाय उचलायचा, तोच क्षणभर जमिनीवर जास्त दाबतं. त्या रेट्याने धड पलीकडे सरकतं आणि मग पाय मोकळा होतो. हे सगळं एका सेकंदाच्याही आत, आपल्या नकळत उरकतं.

वृक्षासन, अर्धचंद्रासन, वीरभद्रासनाचा तिसरा प्रकार (यात एका पायावर उभं राहून धड नि दुसरा पाय आडवे धरतात) अशी एका पायावरची आसनं शिकताना तोल बऱ्याचदा इथेच जातो. धड पुरेसं सरकायच्या आत आपण पाय झटक्याने वर घेतो. झटक्याचा वेग आसनापाशी थांबत नाही, तो आपल्याला पुढे ढकलून देतो. म्हणून पाय उचलण्याआधी सगळा भार उभ्या पायावर नेऊन दुसऱ्या पायाची बोटं नुसती टेकलेली ठेवा, दोन श्वास थांबा. पाऊल त्यानंतर जवळजवळ आपोआप सुटतं.

तोलाची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, आतला कान आणि तळपाय-स्नायू-सांधे. स्थिर उभं असताना तिघांचं म्हणणं जुळतं. वीरभद्रासनाच्या या प्रकारात धड आडवं होऊ लागलं की कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरल्याचं सांगतात, डोळ्यांसमोरचं दृश्य सरकतं आणि घोट्यावरचा ताण बदलतो, सगळं एकदमच. सावकाश गेलात तर मेंदूला दुरुस्तीला वेळ मिळतो. तेव्हा उभ्या पायाकडे पाहा. घोटा आत-बाहेर थरथरतो, पावलावरच्या शिरा उठतात. नवशिके या थरथरीला घाबरून बोटांनी सतरंजी आवळून धरतात. खरं तर ती थरथर म्हणजे सतत चाललेली दुरुस्तीच आहे. बोटं सैल सोडा. अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच यांवर भार राहू द्या.

नजर एका बिंदूवर ठेवा, हे प्रत्येक वर्गात सांगतात. बिंदू किती लांब, हे मात्र क्वचितच सांगतात. शरीर तेवढंच डोललं तरी जवळची वस्तू डोळ्यांत जास्त सरकते, लांबची कमी. म्हणून खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरापेक्षा हात-दोन हातांवरची फरशीची रेघ मेंदूला अधिक नेमकी खबर देते.

भिंतीबद्दल तर मला आवर्जून सांगायचं आहे. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवून दिलं की बोटाचं टोक एखाद्या स्थिर वस्तूला नुसतं टेकलं तरी शरीराचं डोलणं बरंच कमी होतं. तो दाब एक न्यूटनहून कमी होता, म्हणजे तराजूत शंभर ग्रॅमही भरणार नाही इतका. त्याने शरीर पेललं जात नाही. बोट मेंदूला फक्त खबर देतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, विटा, पट्टे यांचा वापर रुजवला, त्याला कुबड्या म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. भिंतीला टेकलेलं बोट हे तोल शिकण्याचंच साधन आहे. साठीनंतर, किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर भिंतीशिवाय हा सराव करूच नये.

आसन सोडणं आसनात जाण्याहून कठीण. मी वीरभद्रासनात ठाम उभी असायचे आणि 'सावकाश पूर्वस्थितीत या' हे शब्द कानावर पडताच माझी झोकांडी जायची. तोवर उभा पाय दमलेला असतो. त्याच्या स्नायूंना धडाचं नि दुसऱ्या पायाचं वजन आवरून धरत हालचाल करू द्यायची असते, आणि मन तर आसन संपलं म्हणून आधीच मोकळं झालेलं असतं. नजरही सुटते. डोकं खाली असलेल्या आसनातून झटकन उठलं तर रक्तदाब क्षणभर उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, ते वेगळंच.

म्हणून आता मी आले त्याच वाटेने परतते. नजर त्याच रेघेवर, धड आणि पाय एकाच लयीत, डोकं सर्वांत शेवटी. अर्ध्या वाटेवर थांबून पुन्हा आसनात जाते, मग बाहेर येते. पाऊल आधी रिकामंच टेकवते, भार नंतर देते. फरशीवर 'धप्' आवाज झाला, तर शेवटच्या चार बोटांच्या अंतरात मी पाऊल सोडून दिलं होतं, असं समजते आणि तेवढाच तुकडा पुन्हा करते.