रक्त एका देशाचं, शोधनिबंध दुसऱ्याचा

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली, तेव्हा हा विषाणू आपल्याकडचा नाही असंच लायबेरियातले आरोग्य अधिकारी धरून चालले होते. वास्तविक युरोपातल्या संशोधकांना तिथल्या लोकांच्या रक्तात इबोलाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली होती आणि लायबेरियाचा समावेश इबोलाच्या पट्ट्यात करावा लागेल, असं त्यांनी १९८२ मध्येच एका फ्रेंच नियतकालिकात छापलं होतं. लेखकांत लायबेरियाचं कुणीही नव्हतं. २०१५ मध्ये देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी सहकाऱ्यांसह हे जाहीरपणे मांडलं. तेव्हाही असा एक निबंध डाउनलोड करायला ४५ डॉलर पडत होते, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा अर्ध्या आठवड्याचा पगार.

निबंध वाचला असता तर साथ टळली असती, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण ज्यांच्या दंडातून रक्त काढलं, त्यांच्याच डॉक्टरांपर्यंत निष्कर्ष पोहोचू नये, याला योगायोग कसं म्हणायचं?

खुद्द इबोलाच्या शोधाचंच बघा. १९७६ मध्ये आताच्या काँगोतल्या यांबुकू गावी जाऊन तिथलेच डॉक्टर जाँ-जाक मुयेंबे यांनी हातमोज्यांशिवाय रुग्णांचं रक्त घेतलं. नमुना थर्मासमधून बेल्जियमला रवाना झाला, कारण तो तपासण्याची सोय देशात नव्हती. पुढे कित्येक वर्षं शोधाच्या कहाणीत मुयेंबेंचं नाव जेमतेमच यायचं. १९९५ मध्ये काँगोतल्याच किक्वित शहरातल्या साथीत त्यांनी बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ रुग्णांना दिलं, सात वाचले. नियंत्रित चाचणी, म्हणजे रक्त दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांची तुलना, नसल्यामुळे परदेशी तज्ज्ञांनी शंका घेतली. शंका रास्तच होती, पण मग ती चाचणी कुणी लगेच करूनही पाहिली नाही. त्याच साथीतून बचावलेल्या एकाच्या रक्तातून पुढे प्रतिपिंडाचं औषध तयार झालं आणि २०२० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

वाचनावरचं शुल्क हटवायची चळवळ गेली वीसेक वर्षं जोरात आहे. निबंध वाचकाला फुकट मिळू लागले, पण अनेक नियतकालिकांनी खर्चाचा बोजा लेखकावर टाकला. 'नेचर'ने २०२१ मध्ये खुल्या प्रकाशनाचा दर ठेवला होता निबंधामागे ९,५०० युरो. सर्वांत गरीब देशांना प्रकाशक बहुधा माफी देतात, पण मधल्या उत्पन्नाच्या देशांना अनेकदा अर्धी सवलत किंवा तीही नाही. पूर्वी वाचता येत नव्हतं, आता छापता येत नाही. माझ्या मते दुसरी अडचण जास्त घातक, कारण न छापलेला निबंध कुणी हुडकूनही काढू शकत नाही.

वेगळी वाट लॅटिन अमेरिकेने दाखवली. ब्राझीलमध्ये १९९८ पासून 'सायलो' आणि मेक्सिकोत २००३ पासून 'रेडालिक' ही नियतकालिकांची खुली भांडारं चालू आहेत. त्यांतल्या बहुसंख्य नियतकालिकांचा खर्च विद्यापीठं आणि सरकारं उचलतात. वाचकही मोकळा, लेखकही मोकळा. मात्र बरेचसे निबंध स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये असल्याने बाहेरच्या संशोधकांच्या निबंधांत त्यांचे दाखले (संदर्भ) कमी दिले जातात. बढतीच्या वेळी मोजले जातात ते दाखलेच. त्यामुळे तिथलेही संशोधक आपला सर्वांत चांगला निबंध आधी परदेशी नियतकालिकाकडे धाडतात.