मत्स्यकुंड, घरातील : बांधकाम साहित्य

दिवाणखान्यात, जिन्याखाली किंवा जुन्या वाड्याच्या चौकात शोभेचे मासे पाळण्यासाठी बांधलेल्या उथळ हौदास घरातील मत्स्यकुंड म्हणतात. त्याचे साहित्य निवडताना शोभेपेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : खालची जागा किती भार पेलते आणि साहित्यातून पाण्यात काय उतरते.

एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम असते. राहत्या खोलीचा स्लॅब सहसा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम वापरभार (माणसे व सामान यांचे वजन) धरून आखलेला असतो. ६० सेंटिमीटर खोल कुंडातील नुसते पाणीच त्याच्या तिप्पट भरते. म्हणून कुंड जोत्यावरच बांधावे. सांगलीसारख्या कृष्णाकाठच्या गावात काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तीवर थेट उभारलेला विटांचा हौद तडकतो. तेथे माती काढून मुरूम ठोकून भरावा लागतो आणि तळ व भिंती सळईच्या काँक्रीटमध्ये एकसंध ओताव्या लागतात. साताऱ्याच्या डोंगरउतारावर, जेथे मुरूम वरच लागतो, तेथे हे काम बरेच सोपे जाते.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो व पाण्याचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, पीएच) ११-१२ पर्यंत चढतो, त्यात मासे तग धरत नाहीत. कुंड भरून, काही दिवसांनी उपसून, तळ घासून पुन्हा भरण्याचा क्रम सामू ८ च्या आसपास स्थिरावेपर्यंत चालू ठेवतात. त्यात केळीचे खांब भिजत घालण्याचा प्रकार शौकिनांत रूढ आहे. त्याने पाणी बदलण्याचे कष्ट मात्र टळत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीचा इपॉक्सी लेप पूर्ण वाळू दिल्यास चुना आत अडतो.

सजावटीस या भागातील काळा पाषाण उत्तम, कारण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. संगमरवर, शहाबादी आणि कडाप्पा हे चुनखडीच्या जातीचे दगड पाण्याचा जडपणा (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) वाढवतात. तांब्याचे घंगाळ कितीही शोभले तरी माशांना तांबे विषारी आहे. पितळी तोट्या व जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही टाळावा. काचेचे सांधे भरताना न्हाणीघरासाठीचे बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नये, मत्स्यालयासाठीचेच घ्यावे.

भाड्याच्या घरात तयार फायबरची टाकी बरी पडते, कारण ती उचलून नेता येते.