आजारी न पडलेल्यांची चौकशी

बिहारमधला मुझफ्फरपूर जिल्हा लिचीसाठी ओळखला जातो. तिथे १९९५ पासून मे-जूनमध्ये, लिचीच्या ऐन हंगामात, लहान मुलांमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. रात्री धडधाकट झोपलेलं मूल पहाटे किंचाळत उठायचं, त्याला झटके यायचे, शुद्ध हरपायची. पाऊस लागला की साथ आपोआप ओसरायची. कुणी मेंदूज्वर म्हणायचं, कुणी उष्माघात, कुणी बागांमधल्या फवारणीला दोष द्यायचं. २०१४ साली २६ मे ते १७ जुलै या काळात तिथल्या दोन मोठ्या रुग्णालयांत अशी ३९० मुलं दाखल झाली. त्यातली १२२ दगावली.

संशय लिचीवरही होताच. पण तो तपासायचा कसा? आजारी मुलांच्या आयांना विचारलं तर बऱ्याच जणी सांगणार, हो, काल लिची खाल्ली होती. मुझफ्फरपुरात त्या दिवसांत लिची न खाल्लेलं मूल शोधावं लागेल. नुसत्या आजारी मुलांची कितीही बारकाईने चौकशी केली तरी या उत्तरातून हाती काही लागत नाही.

सार्वजनिक आरोग्यात काम करायचं म्हणून साथरोगशास्त्रात, म्हणजे रोग कुणाला आणि का होतात हे लोकसमूहात शोधणाऱ्या शास्त्रात, पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्या अनेकांना वाटतं की तिथे रोगांबद्दल आणखी खोलात शिकवत असतील. माझ्या मते तिथे शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे: जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायचं. सांगायला सोपं वाटतं. पण साथीच्या धामधुमीत, वॉर्डात मुलं तडफडत असताना, दुसऱ्याच कारणासाठी दाखल झालेल्या मुलाच्या खाटेपाशी बसून ‘काल संध्याकाळी याने काय खाल्लं?’ असं विचारायला प्रशिक्षण लागतं.

मुझफ्फरपुरात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांच्या पथकाने नेमकं हेच केलं. आधी ‘केस’ कुणाला म्हणायचं ते ठरवलं: पंधरा वर्षांपर्यंतचं, अचानक झटके आलेलं किंवा शुद्ध हरपलेलं मूल. ही व्याख्या सैल ठेवली तर भलतेच रुग्ण यादीत शिरतात आणि फार आवळली तर खरे रुग्ण बाहेर राहतात. मग अशी १०४ मुलं घेतली आणि त्यांच्याच वयाची, त्याच रुग्णालयांत पण वेगळ्या तक्रारींसाठी आलेली १०४ मुलं तुलनेला घेतली. दोन्हीकडे प्रश्न तेच. रुग्णालयातलीच मुलं का? घरी ठणठणीत खेळणाऱ्या मुलाच्या आईला कालचं खाणं आठवेलच असं नाही. आजारी मुलाची आई मात्र प्रत्येक घास आठवून पाहते. आठवणीतल्या या फरकाने आकडे वाकडे होतात. तो फरक पुरता जात नाही, पण कमी करता येतो.

आजारी मुलांमध्ये आदल्या चोवीस तासांत लिची खाल्लेल्यांचं न खाल्लेल्यांशी गुणोत्तर तुलनेच्या मुलांमधल्या गुणोत्तराच्या ९.६ पट निघालं. वर्गात याला ऑड्स रेशो म्हणतात. लिची खाणाऱ्या प्रत्येक मुलाला किती धोका आहे हे त्यातून कळत नाही, कारण आजारी आणि बाकीची मुलं किती घ्यायची हे संशोधकानेच ठरवलेलं असतं. एवढी एक गोष्ट नीट समजली तरी वर्तमानपत्रांतले आरोग्याचे अर्धे मथळे वेगळ्या नजरेने वाचले जातात.

खरी मेख पुढे होती. आदल्या संध्याकाळी जेवलेल्या मुलांमध्ये लिचीचा हा ऑड्स रेशो ३.६ होता, न जेवलेल्यांमध्ये ७.८. म्हणजे फळ तेच, पण उपाशीपोटी त्याचा परिणाम फार जड. प्रयोगशाळेतून दुजोरा आला तो असा: तपासलेल्या ७३ आजारी मुलांपैकी ४८ जणांच्या लघवीत लिचीतल्या विषारी द्रव्यांचे अंश सापडले, तुलनेच्या १५ मुलांपैकी एकाच्याही नाही. ही द्रव्यं शरीराला चरबी जाळून ऊर्जा मिळवू देत नाहीत आणि नवी साखरही तयार होऊ देत नाहीत. पोटभर जेवलेल्या मुलाच्या यकृतात रात्रीपुरता साखरेचा साठा असतो. कुपोषित, उपाशी झोपलेल्या मुलाचा साठा पहाटेपर्यंत संपतो आणि मेंदूची रसदच तुटते. दाखल होताना साखर तपासलेल्या ३२७ मुलांपैकी २०४ जणांची साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून कमी, म्हणजे फार खाली गेलेली होती.

यातून निघालेला सल्ला साधा होता. मुलाला रात्रीचं जेवण द्या, लिची कमी खाऊ द्या आणि आजारी मूल येताच रक्तातली साखर तपासून ती भरून काढा. त्यानंतर काही वर्षं साथ मंदावली, पण २०१९ साली मुझफ्फरपुरात पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली. कारण सापडणं आणि मुलाच्या ताटात रात्री भात पडणं यांच्यात रेशन, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र असं बरंच काही असतं. म्हणूनच आरोग्यव्यवस्था हा विषय कंटाळवाणा समजून ऑप्शनला टाकणाऱ्या विद्यार्थ्यांची मला काळजी वाटते.

आजारी नसलेल्यांना मोजण्याची शिस्त आपल्या गडचिरोलीत फार आधी दिसली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतले आणि गडचिरोलीत कामाला लागले. दवाखान्यात येणाऱ्या बायकांवरून अंदाज न बांधता त्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले आकडे असे: ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये हे कधीच दिसलं नसतं, कारण जी आलीच नाही तिची त्यात नोंद नसते. पुढे घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला, तेव्हा ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. त्या तुलनेमुळेच नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला असं ठामपणे म्हणता आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्यामागे हे काम आहे.

हे शिकायला आता परदेशीच जायला हवं असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९७ पासून एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत क्षेत्रकामावर भर देणारा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) सामाजिक साथरोगशास्त्र शिकवतात. डॉक्टर नसलेल्यांनाही अनेक ठिकाणी प्रवेश मिळतो. परिचारिका, पशुवैद्य किंवा संख्याशास्त्राचे पदवीधर या विषयात मागे पडतात असं मुळीच नाही.

नोकरीचं चित्र तेवढं उजळ नाही, हे आधीच सांगायला हवं. जिल्हा पातळीवरची साथरोगतज्ज्ञाची पदं बहुतांशी करारावरची आहेत. साथ आली की ज्याच्यावाचून अडतं त्याला मुदतवाढीची वाट पाहायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

कॉलेज निवडताना इमारत आणि रँकिंग बाजूला ठेवून तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारा. किती महिने गावात किंवा वस्तीत काढलेस? आणि प्रबंधाची माहिती स्वतः गोळा केलीस की कुणी तयार फाइल दिली?