पाणी कमी नाही, जाळं गळकं आहे

मे महिना आला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक मागणी ठरलेली असते: पाणी पुरत नाही, नवा प्रकल्प उभारा, एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) वाढवा. ओपा, अस्नोडा, साळावली या जलशुद्धीकरण प्रकल्पांची क्षमता वाढायलाच हवी. पण गळक्या जाळ्यात जास्त पाणी सोडलं की काय होतं, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून कळतं, आणि मला तो भाग विलक्षण वाटतो.

समजा, जलवाहिनीला ५ मिलिमीटरचं भोक पडलंय. आतला दाब १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे तिमजली इमारतीच्या गच्चीवरल्या टाकीचा असतो साधारण तेवढा. टोरिचेलीच्या नियमानुसार पाणी सेकंदाला १४ मीटर वेगाने बाहेर येतं. भोकातून निघताना धार आकसते, म्हणून गणितात ०.६ ने गुणायचं. उत्तर येतं दिवसाला सुमारे १४,००० लिटर! २०२१ साली गोवा सरकारने महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना आणली. एका घराच्या महिनाभराच्या त्या पाण्यातलं बहुतेक सगळं हे एकटं भोक एका दिवसात मातीत घालवतं.

आता दाब चौपट करा. वेग वर्गमुळाने वाढतो, म्हणून गळती दुप्पट होते. पण हे झालं लोखंडी वाहिनीतल्या गोल भोकाचं. प्लॅस्टिकच्या वाहिनीला लांबट चीर गेली असेल, तर दाबाने चीर स्वतःच रुंदावते. वेगही वाढतो, वाटही वाढते. अशा चिरेची गळती दाबाच्या दीडाव्या घाताच्या आसपास जाते: दाब चौपट, तर गळती आठपट. हेच उलट दिशेने वाचा. दाब थोडा उतरवला, की एकही रस्ता न खणता गळती घटते. दाब नियंत्रित करणारे व्हॉल्व्ह बसवतात ते यासाठी.

गळती मोजायची वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. शहराचे लहान विभाग पाडून प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर लावायचा. माणसं झोपलेली असताना मीटर जोरात फिरत असेल, तर त्यातलं बरंचसं पाणी जमिनीत जातंय. आपल्याकडे मात्र पाणी ठरावीक तास येतं, आणि रात्री आलं तर घरोघरच्या टाक्या भरत राहतात, त्यामुळे हे मोजमाप फसतं.

नेमकी जागा आवाजावरून सापडते. वाहिनीवर दोन ठिकाणी सेन्सर लावायचे आणि गळतीचा आवाज कुठे आधी पोचतो ते पाहायचं. सेन्सर १०० मीटर अंतरावर, पाण्याने भरलेल्या लोखंडी वाहिनीतून आवाजाचा वेग सेकंदाला १,२०० मीटर आणि फरक ०.०५ सेकंद असेल, तर गळती जवळच्या सेन्सरपासून २० मीटरवर. नारळ किंवा काठी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला यातलं काहीच करता येत नाही. २०१७ मध्ये ब्रिटनच्या बहुतेक पाणी कंपन्यांचे काही कर्मचारीही काठ्या वापरत असल्याचं उघड झालं होतं, म्हणजे अंधश्रद्धा फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. नियंत्रित चाचण्यांत ही विद्या अंदाजापलीकडे टिकलेली नाही.

पाणी बंद झाल्यावर गोष्ट आणखी बिघडते. वाहिनी रिकामी होते, आत पोकळी तयार होते आणि ज्या चिरेतून पाणी बाहेर जात होतं, तिथूनच मातीतलं पाणी आत ओढलं जातं. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मलनिस्सारण वाहिनी नसलेल्या बहुतेक घरांचा मैला सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यात जातो. पावसात भूजल वर येतं आणि शोषखड्डे त्यात बुडतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपार भागात ओपाची जलवाहिनी फुटून पणजी काही दिवस कोरडी राहिली होती. अशा वेळी पुन्हा सुरू झालेलं पहिलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. म्हणूनच सांडपाण्याचं काम आणि नळाचं काम दोन वेगळ्या फायलींत ठेवून चालणार नाही.

हे दुरुस्त होतं, पण वर्षं लागतात. कंबोडियातल्या नॉम पेन्हमध्ये १९९३ साली ७० टक्क्यांहून जास्त पाण्याचा हिशेब लागत नव्हता. एक सोन चान (‘एक’ हे आडनाव) यांनी तिथल्या पाणीपुरवठा संस्थेची सूत्रं हाती घेतली, प्रत्येक जोडणीला मीटर लावले, बेकायदा जोडण्या तोडल्या, गळती शोधणारी पथकं नेमली. पंधरा-सोळा वर्षांत तो आकडा सहा-सात टक्क्यांवर आला आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं. आपल्या शेजारी, कराडजवळच्या मलकापूरनेही मीटर लावून चोवीस तास पाणी दिलंय.

गोव्यात सुरुवात एका विभागापासून करता येईल. ताळगाव घ्या किंवा फातोर्डा. तिथे चोवीस तास दाब ठेवा आणि रात्रीच्या मीटरचा आकडा दर महिन्याला जाहीर करा. नव्या प्रकल्पाचा निधी मंजूर करण्याआधी आमदारांनी हा आकडा मागावा.