डॉसबॉक्स म्हणजे व्हर्च्युअल मशीन नव्हे

गणपतीला चाकरमानी गावी येतात, सोबत नवाकोरा लॅपटॉप असतो आणि पोरांना आपल्या शाळेच्या लॅबमधले डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरचे, गेम दाखवायची हौस असते. मग मालवण असो की रत्नागिरी, सल्ला ठरलेला, "व्हर्च्युअलबॉक्स टाक, त्यात डॉस टाक, झालं." आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते, "गेम वाऱ्यासारखो पळता रे!" पळणारच. व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, जसं व्हर्च्युअलबॉक्स) वेगळं आणि एम्युलेटर (जसा डॉसबॉक्स) वेगळा, आणि डॉसच्या गेमला एम्युलेटरच लागतो, हे कितीदा सांगायचं?

व्हीएम बहुतेकांनी ऑफिसात लिनक्स-बिनक्ससाठी वापरलेलं असतं, त्यामुळे त्याचं पुराण लावत नाही. दोन्हीकडे एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर दिसतो, दोन्हीकडे फ्लॉपीची किंवा सीडीची इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातली हुबेहूब प्रत, जोडता येते, म्हणून लोक दोघांना एकाच माळेत ओवतात. दिसण्यावर जाऊ नका, एवढंच बघा की गेममधल्या सूचना प्रत्यक्षात चालवतो कोण.

व्हीएममध्ये त्या चालवतो तुमचाच आजचा प्रोसेसर. घरात पार्टिशन घालून भाडेकरू ठेवला तरी पाणी आपल्याच विहिरीचं, तसं. म्हणून तर व्हीएम इतकं जलद चालतं. एम्युलेटर मात्र जुना प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये नव्याने उभा करतो, प्रत्येक सूचना त्याच्यामार्फत जाते, त्यामुळे वेग किती ठेवायचा हे तो ठरवू शकतो. डॉसबॉक्समधल्या 'सायकल्स' म्हणजे हेच, एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या तो आकडा.

आता 1983 चा डिगर हा गेम घ्या. तो आयबीएम पीसीच्या 4.77 मेगाहर्ट्झवर बेतलेला, प्रोसेसर जितका जोरात तितका गेम जोरात. व्हीएममध्ये त्याला मिळतो काही गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, मग काय, बाण दाबेपर्यंत खेळ खलास. डॉसबॉक्समध्ये सायकल्स 300 च्या आसपास ठेवा, कंट्रोल-एफ11 ने कमी आणि कंट्रोल-एफ12 ने जास्त करत जा, बरोबर जुन्या चालीवर येतो. त्याच काळातला अ‍ॅली कॅट मात्र पीसीच्या टायमरवर चालतो म्हणून कुठेही नीट खेळता येतो, आणि नेमका तोच एक गेम चालवून बघून लोक छातीठोक सांगतात की व्हीएममध्ये सगळं चालतं!

आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'एक्झिक्युशन कॅप (प्रोसेसर वापरायची मर्यादा) 10 टक्के कर' वाला सल्ला कृपा करून बंद करा. कॅपने प्रोसेसर हळू होत नाही, त्याला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणजे गेम क्षणभर पूर्ण वेगात धावतो, मग थांबतो, परत धावतो. हे हळू चालणं नाही, हे आचके आहेत.

टर्बो पास्कल या डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेल्या बऱ्याच प्रोग्रॅमचं दुखणंही इथलंच. सुरू होताना ते 55 मिलिसेकंदांत रिकामं लूप किती वेळा फिरतं ते मोजतात आणि त्याला 55 ने भागतात, प्रोसेसर फार जलद असला की उत्तर 16 बिटांत मावत नाही आणि 'रनटाइम एरर 200' देऊन प्रोग्रॅम बसतो. व्हीएममध्येही बसतो, कारण प्रोसेसर खराच आहे. डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी ठेवल्या की विषय संपला.

साउंडचं थोडक्यात, डॉसबॉक्समध्ये साउंड ब्लास्टर, अ‍ॅडलिब ही जुनी साउंड कार्डं सगळी तयार मिळतात, वेगळं डॉसही टाकावं लागत नाही.

"मग खरा जुना पीसीच ठेव ना" म्हणणारे घाटावरचे. आमच्याकडे खाऱ्या हवेत रॅमच्या पिना गंजतात आणि पावसाळ्यात फ्लॉपी-सीडीला बुरशी धरते, तेव्हा असतील नसतील त्यांच्या इमेज आधी काढून ठेवा.

व्हीएम लागतं कुठे? विंडोज एक्सपीच्या काळातले साधे टूडी गेम नव्या विंडोजवर थेट चाललेच नाहीत तर. विंडोज 98 आणि थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू या जुन्या थ्रीडी कार्डवाल्या गेमसाठी व्हर्च्युअलबॉक्सच्या नादी लागू नका, त्याचे गेस्ट अ‍ॅडिशन्स (आतल्या विंडोजमध्ये टाकायचे ड्रायव्हर वगैरे) 98 साठी नाहीतच. तिथे 86बॉक्स हा एम्युलेटर वापरा, तो मदरबोर्डपासून व्हूडू कार्डापर्यंत अख्खी मशीन उभी करतो. फक्त पेंटियम टू वगैरे निवडून बसू नका, तेवढं एम्युलेट करायला आजचा चांगला प्रोसेसरही धापा टाकतो, साधा पेंटियम निवडा.