टाच मोकळी ठेवणाऱ्या बुटाची दीडशे वर्षं

नोकरीनिमित्त ऑस्लोला, स्टॉकहोमला किंवा मिनियापोलिसला गेलेला मराठी माणूस स्कीइंगचा पहिला धडा बहुधा लिफ्ट असलेल्या उतारावर गिरवतो. भाड्याच्या दुकानात त्याच्या पायात प्लॅस्टिकचा जाडजूड बूट चढवतात, बकल आवळतात आणि ‘घट्ट असू दे, घट्ट बूट म्हणजे ताबा’ असं बजावतात. दोन-तीन हिवाळ्यांनी कोणी तरी त्याला खऱ्या भटकंतीला बोलावतं. तिथे आखलेली वाट नसते, लिफ्ट नसते, पाठीवर सॅक असते आणि दिवसभर चढ-उतार करत पुढच्या मुक्कामाच्या झोपडीपर्यंत पोचायचं असतं. हा गडी तोच ‘घट्ट’ नियम घेऊन नॉर्डिक टूरिंगचे बूट घ्यायला जातो आणि पहिल्याच दुपारी टाचेचं साल निघतं, बोटं बधिर होतात.

नियम खोटा नाही, पण तो दुसऱ्या घराण्याचा आहे. उतारावरच्या स्कीत टाच स्कीच्या पट्टीला जखडलेली असते, बूट वाकायचाच नसतो. नॉर्डिक स्कीत बूट फक्त पुढच्या टोकाला धरलेला असतो, टाच प्रत्येक पावलाला उचलली जाते आणि बूट चवड्यापाशी वाकतो. एका दिवसात हे हजारो वेळा घडतं. त्यामुळे या बुटाला कायम दोन धनी राहिले: एक पाय, दुसरं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पायाला हवी ऊब, जागा आणि लवचीकपणा. बाइंडिंगला हवा ताठ तळ, म्हणजे वळताना स्की आज्ञेत राहते. बूट पायाला ‘बसतो’ म्हणजे काय याचा अर्थ या दोघांच्या ओढाताणीतूनच घडत गेला.

सुरुवातीला पाय वरचढ होता. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडच्या सामी लोकांचे रेनडिअरच्या कातड्याचे बूट मऊ असत आणि त्यांचं टोक वर वळवलेलं असे. स्कीवर आडवा चामड्याचा पट्टा, त्याखाली पाय सरकवला की ते वळलेलं टोक पट्ट्यात अडकायचं. झालं बाइंडिंग. बुटात मोजे नव्हतेच. लव्हाळ्याच्या कुळातलं एक गवत उन्हाळ्यात कापून, वाळवून, कुटून मऊ करायचं, त्याची वेटोळी करून हिवाळ्यासाठी टांगून ठेवायची. बूट घालताना ते पायाभोवती भरायचं. दिवसभराचा घाम ते शोषून घेई, रात्री काढून वाळवलं की सकाळी पुन्हा तयार. मापाचा प्रश्न इथे जवळजवळ नव्हता, कारण बूट ऐसपैस असे आणि गवत कमी-जास्त करून तो ज्या-त्या पायाला बसवला जाई. १८८८ साली फ्रिट्यॉफ नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं, तेव्हा त्याच्या सहा जणांच्या तुकडीत सामुएल बाल्टो आणि ओले राव्ना हे दोन सामी होते. ही पादत्राणविद्या त्यांच्या रोजच्या वापरातली होती. ध्रुवीय मोहिमांनी ते गवत पुढे कित्येक वर्षं सोबत नेलं.

दुसऱ्या धन्याचा आवाज चढला तो नॉर्वेच्या टेलेमार्क भागात. मोर्गेदाल गावच्या सोंद्रे नोर्हाइमने झाडाच्या लवचीक फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला. आता उडी मारली तरी स्की पायातून सुटत नव्हती आणि टाचेच्या जोरावर ती वळवताही येत होती. १८६८ साली त्याने ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्पर्धा जिंकली आणि राजधानी बघत राहिली. योगायोग असा की त्याच वर्षी नॉर्वेची पर्यटक संघटना स्थापन झाली. डोंगरातल्या झोपड्यांचं जाळं तिने विणलं आणि आजची बहुदिवसीय स्की-भटकंती त्या झोपड्यांवरच उभी आहे. एकाच वर्षी वळण्याची कला आणि मुक्कामाची सोय, दोन्ही मिळाली. बुटावर दोन्हीचं ओझं पडणार होतं.

१८९४ मध्ये फ्रिट्झ ह्युटफेल्टने स्कीच्या आरपार खाचेतून लोखंडी पट्टी घातली. तिचे दोन्ही बाजूंचे कान वर वाकवून त्यांत बुटाचा पुढचा भाग धरायचा, वरून पट्टा, टाचेमागून दुसरा पट्टा. हे कान प्रत्येक बुटाप्रमाणे हातोडीने ठोकून वाकवावे लागत. नीट बसले नाहीत तर बूट डुलायचा, जास्त आवळले तर चवडा चेपायचा. लोखंडाचा दाब मऊ चामडं सोसेना. म्हणून तळ जाड आणि ताठ झाला, टोक चौकोनी झालं, पट्टा घसरू नये म्हणून टाचेला मागे खाच आली. डांबर चोळलेल्या दोऱ्याने हाताने शिवलेले हे नॉर्वेजियन बूट पुढे कित्येक दशकं टिकले. पाहायला आजही देखणे वाटतात. पण नीट पाहिलं तर त्यांचा आकार पायापेक्षा लोखंडाकडे बघून ठरलेला दिसतो.

या सगळ्याची कसोटी लागली दक्षिण ध्रुवावर, आणि तिथे जरा थांबायला हवं.

रोआल्ड आमुन्सेन तयारीच्या बाबतीत काटेकोर माणूस. त्याने बूट मुद्दाम बनवून घेतले होते, बाइंडिंगला साजेशा ताठ तळाचे. अंटार्क्टिकात पोचल्यावर ध्यानात आलं की अनेक थरांचे मोजे घातल्यावर आत जागाच उरत नाही. मग १९११च्या लांबलचक ध्रुवीय हिवाळ्यात फ्रामहाइम तळावर हे बूट उसवायचे, आतून मोकळे करायचे, पुन्हा शिवायचे, घालून बघायचे, पुन्हा उसवायचे, हा उद्योग चालला. ८ सप्टेंबरला घाईने केलेली पहिली कूच फसली. तापमान उणे ५० अंशांच्या खाली गेलं, तुकडी माघारी आली आणि हान्सेन, स्टुबेरुड व प्रेस्ट्रुड यांच्या टाचांना हिमदंश झाला होता. बूट पुन्हा एकदा सैल केले गेले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच जण निघाले आणि १४ डिसेंबर १९११ला ध्रुवावर पोचले. त्यात ओलाव ब्योलांद होता, तोही नोर्हाइमच्याच मोर्गेदालचा.

ध्रुवाच्या शर्यतीबद्दल कुत्री, घोडे, रॉकेल, अन्नसाठे यांवर पुष्कळ लिहिलं जातं. माझ्या मते त्या उसवलेल्या शिवणींना त्यात जास्त जागा मिळायला हवी. कारण साधं आहे. घट्ट बुटात रक्ताचा पुरवठा कमी होतो, मोजा दाबला जातो आणि त्यात अडकलेली हवा, जी खरी ऊब धरते, ती निघून जाते. म्हणजे जागा संपली की जाड मोजा उलट पाय गारठवतो. आजही थंड प्रदेशातल्या लांब पल्ल्याच्या स्कीयरला एक-दोन मापं मोठा बूट घ्यायला सांगतात ते याचसाठी.

त्यानंतर दोन घराणी वेगळी झाली. आल्प्समध्ये उतार तीव्र. तिथे मातियास झ्दार्स्कीने १८९०च्या दशकातच धातूच्या तळपट्टीचं बाइंडिंग आणलं होतं. १९३०च्या आसपास ‘कांदाहार’ नावाचं तारेचं बाइंडिंग आलं. तार बाजूच्या आकड्यांत अडकवली की टाच खाली दाबलेली, सोडवली की मोकळी. बाइंडिंगला अफगाण शहराचं नाव कसं, तर १८८० साली काबूलहून कंदाहारवर कूच करणाऱ्या ब्रिटिश सेनापतीच्या, ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’च्या नावाने १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्की-शर्यतीचा चषक ठेवला गेला, आणि पुढे शर्यती, क्लब, बाइंडिंग सगळ्यांना ते नाव चिकटलं. ती कूच करावी लागली मैवंदच्या लढाईतल्या ब्रिटिश पराभवामुळे, ज्यात मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर पलटणीची धूळधाण झाली होती. इतिहास कुठून कुठे शिरतो! असो. टाच एकदा जखडली की बूट वाकायची गरज उरली नाही. तो ताठ होत गेला आणि १९६०च्या दशकात बॉब लँगेने प्लॅस्टिकचा बूट बाजारात आणल्यावर ‘घट्ट म्हणजे ताबा’ हा नियम कायमचा रुजला.

नॉर्डिक बाजूला चाल उलटी होती. १९२७ साली ब्रोर वितने टाचेचा पट्टाच काढून टाकला. बुटाच्या तळाचं टोक बदकाच्या चोचीसारखं पुढे आलेलं, त्याला खालून तीन भोकं, बाइंडिंगवर तीन खुंट्या, वरून एक दांडी दाबून बसवायची. पुढच्या वर्षी सेंट मोरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये योहान ग्रोट्टुम्सब्रोटेनने याच रोत्तेफेला बाइंडिंगवर सुवर्णपदकं मिळवली. पुढे तळाच्या रुंदीची प्रमाणित मापं ठरली: ७१, ७५ आणि ७९ मिलिमीटर. त्यातलं ७५ टिकलं. हातोडीची ठोकाठोक संपली. कुठल्याही कारखान्याचा बूट कुठल्याही बाइंडिंगवर बसू लागला. विताले ब्रामानीने १९३७ मध्ये पेटंट घेतलेला खोल नक्षीचा रबरी तळ आल्यावर बर्फाळ खडकावर चालायचीही सोय झाली.

पण तीन खुंट्यांनी मापाचा एक नवा मुद्दा पुढे आणला, जो आजही दुकानात सर्वांत कमी तपासला जातो: बूट कुठे वाकतो. पायाची एकूण लांबी सारखी असली तरी टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर माणसामाणसांत वेगळं असतं. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉकने १९२०च्या दशकात बनवलेल्या धातूच्या मापपट्टीवर हे अंतर मोजायला स्वतंत्र सरकता भाग आहे. बूट वाकताना पडणारी वळकटी चवड्याच्या बरोबर वर पडली तर ठीक. ती पुढे पडली तर प्रत्येक पावलाला बोटांच्या मुळाशी चामड्याची घडी रुतते. मागे पडली तर टाच आत वर-खाली घासते. लेस आवळून यातलं काहीच सुधारत नाही.

१९७०च्या दशकात कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या मंडळींनी टेलेमार्क वळण, म्हणजे मोकळ्या टाचेने गुडघा वाकवून घेतलेलं वळण, पुन्हा उचललं आणि बाइंडिंग या दुसऱ्या धन्याचा आवाज परत चढला. बूट उंच झाले, दुहेरी चामड्याचे झाले, १९९०च्या दशकात प्लॅस्टिकचे झाले. उतारावर मजा आली, पण सपाटीवर वीस किलोमीटर चालणाऱ्याला ते नकोसे झाले. त्या लोकांसाठी दरम्यान बुटाच्या टोकाखाली बसवलेल्या पोलादी दांडीची नवी पद्धत आली. तिच्या भटकंतीसाठीच्या ‘बीसी’ (बॅककंट्री) आवृत्तीत दांडी जाड आणि बाइंडिंग रुंद. पाय त्यात मोकळा चालतो, पण दांडीच्या खाचेत बर्फ गोठला की टोकदार काडीने खरवडत बसावं लागतं. अलीकडे ‘एक्स्प्लोर’ ही तिसरी पद्धत आली आहे. तिन्हींचे तळ एकमेकांत चालत नाहीत, त्यामुळे आधी बूट पायाला बसवावा आणि मग स्कीवर त्याचं बाइंडिंग लावावं. जुने ७५ मिलिमीटरचे बूट स्वस्तात मिळत असतील तर उलटे करून तीन भोकं बघावीत. ती लांबट झाली असतील तर बूट कितीही छान बसो, वळताना डुलणार.

मापांचा गोंधळही वारशाने आलेला आहे. युरोपीय माप पायाचं नसून बूट ज्या कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, घडवतात त्याचं आहे, आणि एक अंक म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. म्हणून ४२ नंबरचं कलबूत २८ सेंटिमीटरचं, आणि त्यात मोकळी जागा धरलेली. उतारावरच्या बुटांवरचं मोंडोपॉइंट माप मात्र थेट पायाची लांबी सांगतं. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून बूट मागवणारा हमखास फसतो. त्यापेक्षा संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जे मोजे घालायचे तेच घालून बूट चढवावा. लेस न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग लेस बांधून चवड्यावर उभं राहावं, टाच उचलावी, गुडघा पुढे न्यावा, हे दहा-वीस वेळा करावं आणि वळकटी कुठे पडते ते वाकून बघावं.

आपल्या पायांबाबत एक जादा गोष्ट. २००९ मध्ये बेल्जियन संशोधकांच्या गटाने दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांची तुलना बूट वापरणाऱ्यांशी केली. अनवाणी पाय पुढच्या भागात तुलनेने रुंद निघाले. लहानपण चपला-सँडलमध्ये आणि घरात अनवाणी घालवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना युरोपीय कलबुतं चवड्याला आवळतात असा अनुभव येतो. अशा वेळी दुकानदार सहसा एक नंबर मोठा बूट पुढे करतो. रुंदी थोडी मिळते, पण लांबीबरोबर वळकटीही पुढे सरकते आणि टाच मागे सुटते. चामड्याचा बूट वापराने रुंदीत सैलावतो, लांबीत नाही. म्हणून नंबर वाढवण्याआधी आतला जाड तळवा काढून पातळ घालून बघावा, दुसऱ्या कंपनीचं रुंद कलबूत मागावं, किंवा चांभाराकडून फक्त चवड्याच्या जागी चामडं ताणून घ्यावं.